शेत ठेवायचं, बांधायचा हक्क विकायचा

नमस्कार मंडळी. सुरुवात आपल्या न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोपासून करतो, कारण इथे बसलेले बरेच जण तिथलेच. आज जिथे वॉकर-गॉर्डन नावाची कॉलनी आहे तिथे त्याच नावाची डेअरी होती, 1930 साली तिथे रोटोलॅक्टर म्हणून एक गोल फिरणारा चौथरा बसवला, एका वेळी 50 गाई त्यावर चढायच्या आणि एक फेरी पुरी होईपर्यंत दूध काढून मोकळ्या. 1971 ला डेअरी बंद झाली, पुढे घरं आली. मी कुणाला दोष देत नाहीये, मीसुद्धा तसल्याच एका शेतावरच्या घरात राहतो.

पण शेतकरी विकतो का ते बघा. वय झालेलं असतं, मुलं तीन, शेती करायची एकालाच, बाकी दोघांचा वाटा द्यायला पैसा आणायचा कुठून, आणि बिल्डर तर दारात उभाच. वाटणीचं हे दुखणं आपल्याला काय नवीन आहे का?

इथे उपयोगी पडतं ते कॉन्झर्वेशन इझमेंट. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो ना, साधारण तसंच समजा, फक्त हा बोजा कधीच उतरत नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते, शेती करा, विका, मुलांना द्या, पण प्लॉट पाडून घरं बांधायचा जो हक्क होता तो तुम्ही विकून टाकलेला असतो आणि पुढचा मालकही त्याला बांधील. सरकारी पैशाने असे हक्क विकत घ्यायची सुरुवात न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर सफोक काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, 1974 ला केली, न्यू जर्सीने 80 च्या दशकात, आणि आज आपल्या राज्यात दोन लाख एकराच्या वर जमीन अशी कायमची राखलेली आहे.

पैसे कसे ठरतात? दोन वेगवेगळे अप्रेझर, म्हणजे जमिनीची किंमत ठरवणारे, येतात. समजा बिल्डरच्या भावाने एकराला 20 हजार डॉलर आणि बंधन घातल्यावर नुसतं शेत म्हणून 8 हजार, तर मधले 12 हजार शेतकऱ्याला मिळतात, जमीन हातात ठेवून. मुलासाठी घर हवं असेल तर तेवढा तुकडा आधीच बाहेर काढून ठेवायचा, एक्सेप्शन म्हणतात त्याला. हे सह्या करायच्या आधी करा, मी हात जोडून सांगतो, नंतर काही होत नाही.

मी आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, शेती कमिटीवर आहे. एका घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो, म्हातारे वडील, दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी शहरात नर्स. तिला शेती नको होती पण शेत गेलेलंही नको होतं, आणि आपला वाटा सोडायचा तर तिच्या मुलांच्या कॉलेजचं काय. इझमेंटच्या पैशातून तिला आणि धाकट्याला वाटा मिळाला, थोरला आजही तिथेच मका लावतो. त्या दिवशी वडील काही बोलले नाहीत, नकाशावर ओढ्याच्या काठाने नुसतं बोट फिरवत बसले होते.

सगळं गोड नाही. एकदा सही केली की नातवालाही बदलता येत नाही. आणि बंधन फक्त घरांपुरतंच नसतं, मातीही राखावी लागते. हंटर्डन काउंटीत एका मालकाने अशाच राखीव जमिनीवर फुलांची हूप हाउसेस, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणलेली शेड, उभी करायला सुमारे 20 एकर उताराची जमीन उकरून सपाट केली, चांगली माती गेली. तो म्हणाला ही पण शेतीच आहे. 2018 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मला तो निकाल पटतो, लोकांनी पैसे मातीसाठीच दिले होते ना. आता दरवर्षी पाहणीला लोक जातात, बांधावरून चालतात, फोटो काढतात.

आणि हे पैसे येतात कुठून, तर फेडरल, राज्य, काउंटी, टाउनशिप, सगळ्यांकडून थोडे थोडे. पुढच्या वेळी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की ते नुसतं भरून टाकू नका, त्यात ओपन स्पेस, म्हणजे मोकळी जमीन राखायचा कर, म्हणून एक छोटी ओळ असते ती शोधा. त्या नर्सच्या वाट्यातले काही डॉलर त्या ओळीतून गेलेत, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून.