घरात मतं किती?

नमस्कार, श्रोतेहो.

निवडणूक जवळ आली की आमच्या डिचोलीकडे उमेदवार अंगणात येतात, म्हाताऱ्यांची तब्येत विचारतात आणि जाता जाता एक प्रश्न टाकतात, "घरात मतं किती?" घरातला कर्ता पुरुषही आकडा असा सांगतो, की जणू सगळी मतं त्याच्याच खिशात आहेत. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. गोव्यात विधानसभेचे मतदारसंघ चाळीस, आणि एकेक इतका लहान की आमदाराला अर्धा गाव नावानिशी ठाऊक असतो. २०२२ मध्ये सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला. एका वाड्याची मतं ती!

आमच्या घरात आता आणखी एक मत येऊ घातलंय. माझा मुलगा सतरा पूर्ण झालाय. त्याच्याशी राजकारणावर काय बोलायचं आणि किती, यावर आज बोलणार आहे. पक्षांची आजची भांडणं मात्र बाजूला ठेवते. आकाशवाणीवर ते शोभणार नाही, आणि श्रोत्यांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

सुरुवात सोपी होती, ती आजोबांनी केली. माझे सासरे गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी नुकतेच मतदार झाले होते. तेव्हा मताचं वय एकवीस होतं; अठरा झालं ते १९८९ मध्ये. १६ जानेवारी १९६७ ला प्रश्न एवढाच होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. आजोबांनी फुलाला मत दिलं, हे ते आजही ताठ मानेनं सांगतात. फुलाला मिळाली १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. आणि मग दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली. तिच्यात विलीनीकरणाची मागणी करणारा मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

"मग भाऊसाहेब हरले की जिंकले?" मुलानं विचारलं.

आजोबा म्हणाले, "दोन्ही."

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना भाऊसाहेबांचं राज्य मात्र हवं होतं. गावोगावच्या मराठी शाळा, कुळांना कायद्याचं संरक्षण, हे त्यांना दिसत होतं. प्रश्न वेगळा तर मत वेगळं, पक्ष कुठलाही असो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नव्हतं. ज्या घरात आजी-आजोबा अजून आहेत, त्यांनी एकदा हा विषय जेवताना काढावा. कोण फूल होतं आणि कोण दोन पानं, हे ऐकून पोरं मोबाईल खाली ठेवतात.

अवघड भाग पुढचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं सगळं गोत मूळ घरी जमतं. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की पुरुष ओसरीवर बसतात आणि विषय फिरून फिरून लोहखनिजाच्या खाणीवर येतो. आमच्या भागात दुसरं काय येणार? माझ्या दिराचे खनिज वाहणारे ट्रक होते, कर्ज काढून घेतलेले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या चालल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद. कर्जाचे हप्ते काही बंद झाले नाहीत. नणंदेचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, खाणीच्या खालच्या अंगाला. तिच्या मते बंदी फार उशिरा आली. तोवर झर आटली होती आणि पावसात मातीचा गाळ पोफळींच्या बुडात साचत होता. दोघं सख्खी भावंडं. एकाच पानात जेवलेली.

माझ्या मुलाला त्या रात्री राग आला. त्याला कोणीतरी एक जण खोटा हवा होता. त्या वयात मलाही तसंच वाटायचं. मी त्याला इतकंच म्हटलं, की काकाचा हप्ता आणि आत्याची झर, दोन्ही खरं आहे, आणि मत मागायला येणाऱ्याला दोन्हींबद्दल विचार. तो ट्रकवाल्यांच्या बैठकीत एक बोलतो का आणि कुळागरवाल्यांपुढे दुसरं, हे बघ. आमच्याकडे हे तपासायला वर्तमानपत्र लागत नाही, दोन वाडे चालत फिरलं की कळतं.

आणि मग तो प्रश्न, जो गोव्यातला प्रत्येक सतरा वर्षांचा मुलगा विचारणारच. "मी ज्याला मत दिलं तोच दुसरीकडे गेला तर माझं मत कुठे गेलं?" २०१९ च्या जुलैमध्ये एका पक्षाचे पंधरापैकी दहा आमदार एकदम दुसऱ्या पक्षात गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी त्याच पक्षाच्या उमेदवारांनी देवळात, खुरसापुढे म्हणजे क्रॉसपुढे, आणि दर्ग्यात निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, पण दोन तृतीयांश आमदारांनी मिळून विलीनीकरण केलं तर अपात्रता टळते, ही वाट त्यातच आहे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे एकटा गेला तर चोर, आठ गेले तर पक्ष?" मला यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. पण "राजकारण घाणच, तू अभ्यास कर" असं म्हणून विषय मिटवला नाही. ते वाक्य आपल्याकडे फार चालतं, आणि ते म्हणणारेच पोराच्या नोकरीसाठी आमदाराच्या दारात सकाळी सातला उभे असतात. मीही काही कामांसाठी उभी राहिले आहे. मुलानं ते पाहिलंय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. काम करून दिलेल्या माणसाचं मिंधेपण मतापर्यंत न्यायचं का, हा खरा वाद आमच्या घरात आहे. आजोबा म्हणतात, न्यायचं, ती माणुसकी. मुलगा म्हणतो, पगार आपल्या करातून, मग उपकार कसले? मी मधे आहे.

आता कामाचं सांगते. मूल सतरा वर्षांचं झालं की मतदारयादीसाठी अर्ज आधीच करता येतो, नमुना ६. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा वर्षं पूर्ण असावी लागत; आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो, नाहीतर आपल्या केंद्राच्या बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावा. यादीत नाव आलं की ते मूल ग्रामसभेतही हक्कानं बसतं, आणि विधानसभेपेक्षा मला ती पायरी महत्त्वाची वाटते. डोंगर कापायला परवानगी कोणी दिली, कचऱ्याची शेड कुठे होणार, हे थेट सरपंचाला विचारता येतं. पंचायतीला पक्षाची निशाणी नसते, त्यामुळे आजोबांची निष्ठा तिथे आड येत नाही. माणूसच बघावा लागतो.

आमच्याकडे अर्ज भरून झालाय. आधी मी कोणाला मत दिलं आणि का, हे मी मुलाला सांगितलंय. २०२७ ला कोणाला देणार ते सांगणार नाही, आणि त्याचंही विचारणार नाही. आजोबा मात्र विचारणार. तो म्हणतो, "मशीनची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती मला एकट्याला." आजोबांना हे मुळीच पटलेलं नाही. येत्या चवथीला ओसरीवर खाणीनंतर हाच विषय निघणार, असं दिसतं.

नमस्कार.