ओट्यामागच्या भिंतीला किती जाडीचा दगड लावायचा?

नमस्कार मंडळी. ओट्याचा ग्रॅनाइट पसंत झाला की दुकानदार सहज विचारतो, "मागे डाडोलाही हाच टाकू ना?" आपण घाईत हो म्हणतो. काम सुरू झालं की मग एकेक गोष्ट अडायला लागते: स्विचबोर्ड आत जातो, नळाची थाळी भिंतीला टेकत नाही, हॉबला, म्हणजे ओट्यात बसवायच्या गॅस शेगडीला, जागा पुरत नाही. म्हणून आज फक्त डाडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवर लावायच्या दगडाच्या, जाडीबद्दल बोलू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही जाडी इलेक्ट्रिशियनने भिंतीत बॉक्स बसवायच्या आधी ठरली पाहिजे. दगड लावायच्या दिवशी ठरवायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

[दोन्ही तुकडे हातात घेऊन, कडा कॅमेऱ्याकडे]

हे बघा. हा 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट आणि हा 12 मिलिमीटरचा. मिस्त्री याला सहा सूत, चार सूत म्हणतील. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. मिस्त्रीशी बोलताना सुतात बोला, पण बिलावर मात्र मिलिमीटर लिहून घ्या.

ओट्याला जाड दगड का लागतो? त्याच्या खाली ट्रॉल्यांची मोकळी जागा असते, सिंक आणि हॉबसाठी भोकं पाडलेली असतात, वर आपण कुकर आदळतो, नारळ फोडतो. भिंतीवरच्या दगडाला यातलं काहीच सोसायचं नसतं, त्याच्या पाठीला सलग भिंत असते. त्यामुळे मजबुतीसाठी म्हणून तिथे 18 किंवा 20 मिलिमीटरची गरज नाही. 12 भरपूर झाले. सिंटर्ड स्टोनचा, म्हणजे खनिजांची पूड दाबून-भाजून केलेल्या दगडाचा, पातळ स्लॅब तर 6 मिलिमीटरचासुद्धा भिंतीवर चालतो.

मग सगळे 18 का लावतात? कारण ओट्याच्याच लॉटमधला दगड मागे घेतला की रंग आणि दाणा तंतोतंत जुळतो. शिवाय ग्रॅनाइट बहुतेक दुकानांत 16 ते 20 मिलिमीटरमध्येच पडलेला असतो. हे कारण मला पूर्ण पटतं. तुम्हाला सलग एकच दगड हवा असेल तर 18 च घ्या, फक्त भिंत त्या हिशेबाने तयार करा.

तो हिशेब असा. दगड 18, मागे अ‍ॅडेसिव्ह 5-6, म्हणजे जवळपास एक इंच. मिस्त्रीने जुन्या पद्धतीने सिमेंटच्या मालात बसवला तर सव्वा इंचाच्याही पुढे. भिंत ओळंब्यात नसेल तर आणखी. आता तुमचा ओटा 24 इंच खोल आहे असं धरा. त्यातला सव्वा इंच गेला. हॉबची काच साधारण 20-21 इंच खोल असते. पुढे कडेला दोन इंच सोडले की मागे जागा उरतेच कुठे? मोठी कढई ठेवली की ती थेट भिंतीला लागणार. म्हणून जाड दगड लावायचा असेल तर एक तर डाडोच्या भागात प्लास्टर कमी करा, नाहीतर ओटा 25 इंचांचा करा. दोन्ही गोष्टी आधी सांगितल्या तरच होतात.

[भिंतीतल्या स्विचबॉक्सकडे बोट दाखवून]

आता हे जवळून बघा. हा लोखंडी बॉक्स प्लास्टरच्या पातळीत बसवलाय. यावर एक इंचाचा थर आला की बॉक्स खोल खड्ड्यात जातो. त्याच्याबरोबर आलेले स्क्रू पुरत नाहीत, प्लेट हलत राहते आणि मिक्सरचा प्लग ओढताना अख्खा सॉकेट हातात येतो. ओल्या हातांच्या जागी हे अजिबात चालवून घेऊ नका. बॉक्स दगड अधिक अ‍ॅडेसिव्ह इतका पुढे काढून बसवायला सांगा. भिंतीतून येणाऱ्या नळाचंही तेच. तिथे निदान एक्स्टेन्शन निपल लावून वेळ निभावते.

वजनाचं म्हणाल तर 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, 12 चा तीन किलो. दहा फूट लांब, दोन फूट उंच डाडो म्हणजे 90 किलो की 60 किलो, एवढा फरक. विटांच्या भिंतीला त्याचं काही नाही. जिप्समच्या किंवा प्लायच्या पार्टिशनवर मात्र पातळच घ्या.

पातळ दगडाची एक अडचण आहे. स्विचबोर्डसाठी चौकोन कापताना कटर कोपऱ्यात थोडा पुढे गेला की तिथून तडा सुटतो. आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोक पाडायचं, मग ती जोडत कापायचं. आणि कापताना पाणी हवंच. बंद खोलीत कोरडा कटर चालतो तेव्हा दगडातल्या सिलिकाची ती बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. क्वार्ट्झमध्ये, म्हणजे क्वार्ट्झचा चुरा रेझिनने (प्लास्टिकसारख्या डिंकाने) बांधून केलेल्या दगडात, सिलिका सर्वांत जास्त, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. शक्यतो सगळे कटिंग फॅक्टरीतून करून आणा. चार पैसे जास्त जाऊ द्या.

क्वार्ट्झ 15 मिलिमीटरमध्ये मिळतो आणि डाडोला ती जाडी छान बसते, पण त्यात रेझिन असतं. गॅसच्या अगदी मागे सतत आच लागली तर तो पिवळा पडतो. तिथे मला ग्रॅनाइट किंवा सिंटर्ड स्टोनच योग्य वाटतो. पांढऱ्या संगमरवराला लिंबू-चिंचेचे शिंतोडे उडाले की चकाकी जाते, मग जाडी कितीही असो. तरीही हवाच असेल तर पाठीवर जाळी चिकटवलेली आहे का ते बघा. जाळीवर साधं सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह नीट धरत नाही, इपॉक्सी वापरायला सांगा.

खिडकीशी किंवा मोकळ्या टोकाला दगडाची कड दिसते. तिथे 18 ची पॉलिश केलेली कड भरीव दिसते. 12 ची थोडी केविलवाणी वाटते. तिथे भिंतीच्या बाजूने एक पट्टी फिरवून घ्या. ओटा आणि डाडो यांच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरू देऊ नका, ते वर्षभरात तडकतं आणि पाणी आत जातं. तिथे सिलिकॉनच.

[कॅलिपर दाखवत]

आणि दुकानात जाताना जाडी मोजायचा हा कॅलिपर खिशात असू द्या. 18 म्हणून दाखवलेला स्लॅब एका टोकाला 16 आणि दुसऱ्या टोकाला 19 भरू शकतो. चारही कोपरे मोजा, सर्वांत जाड आकडा लिहून घ्या आणि बॉक्स किती पुढे काढायचा ते सांगताना इलेक्ट्रिशियनला तोच आकडा द्या.