पांढऱ्या शेंड्याची शेपूट

पूर्व झांबियातील साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात अंधार पडला, की उघड्या जीपमधला माग काढणारा माणूस हातातला दिवा संथपणे फिरवू लागतो आणि गवताच्या कडेला चमकलेल्या डोळ्यांवर क्षणभर थांबतो. बिबट्याच्या ओढीने आलेले पर्यटक अशा वेळी पुढे निघण्याची घाई करतात. पण त्या क्षणी वळून निघालेल्या प्राण्याची शेपूट अवश्य पाहावी. तिचा शेंडा पांढरा असेल, तर तो साइड-स्ट्राइप्ड जॅकल, म्हणजेच कुशीवर पट्टा असलेला कोल्हा होय. ज्या पट्ट्यामुळे त्याला हे नाव मिळाले, तो पुष्कळदा इतका फिकट असतो की ओळख पटवण्यासाठी शेपटीचाच भरवसा धरावा लागतो.

आपल्या शेतशिवारात ज्याची कोल्हेकुई ऐकू येते, त्या सोनेरी कोल्ह्याशी याचे नाते तसे दूरचे आहे. त्याची जवळची भावकी आफ्रिकेतच, काळ्या पाठीच्या कोल्ह्याशी आहे. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी या दोघांना ल्युप्युलेला या स्वतंत्र प्रजातीत ठेवले. त्याची साद घुबडाच्या घुमण्यासारखी असते.

याच भावकीत त्याच्या बुजरेपणाचे एक कारण सापडते, आणि ते मला फार विलक्षण वाटते. झिंबाब्वेतील अभ्यासात असे दिसले, की काळ्या पाठीचा कोल्हा अंगाने लहान असूनही अधिक आक्रमक असतो आणि ७ ते १२ किलो वजनाच्या या मोठ्या कोल्ह्याला मोकळ्या गवताळ भागातून हुसकावून झाडीत राहायला भाग पाडतो. लुआंग्वाच्या खोऱ्यात हा प्रतिस्पर्धी नाही. तरीही तिथला पट्टेवाला कोल्हा मुख्यतः रात्रीच हिंडतो.

शिकारीचा अट्टहास त्याला नसतो. उंदीर, किडे, इतरांनी मारलेल्या जनावरांचे अवशेष आणि रानफळे यांवर तो गुजराण करतो. हंगामात तर काही काळ तो फळांवरच राहतो. त्यामुळे फळांनी लदलेल्या झाडाखाली, पाणवठ्याजवळच्या झुडपांत किंवा जुन्या वारुळाभोवती त्याला शोधावे, कारण अशा वारुळांतच नर-मादीची जोडी पिल्ले वाढवते. तो दिसलाच, तर इंजिन बंद करावे आणि दिव्याचा झोत थेट डोळ्यांवर न रोखता थोडा बाजूला धरावा.