नवे की रिबिल्ट : एका पोकलेनची उकल

(दृश्य : धुलाईचा चौथरा. पाण्याचा जोरदार फवारा, पट्ट्यांतून निखळणारा चिखल.)

सुमारे २० टनांचे हे एक्सकॅव्हेटर, म्हणजे कामावरच्या भाषेत पोकलेन, कार्यशाळेच्या दारात आले तेव्हा त्याच्या मीटरने १०,००० तासांचा टप्पा ओलांडलेला होता. हे विकून नवे घ्यायचे, की हेच पूर्ण उघडून पुन्हा उभे करायचे, असा मालकापुढचा प्रश्न आहे. मीटर यावर फारसे काही सांगत नाही, कारण इंजिन नुसते चालू ठेवून उभ्याने गेलेला तास आणि काळा पाषाण उकरण्यात गेलेला तास मीटरच्या लेखी सारखाच असतो. वरचा रंग तर त्याहूनही कमी सांगतो. म्हणून सुरुवात धुलाईपासून होते, आणि ती घाईने उरकली जात नाही. गळतीच्या जागा आणि वेल्डिंगचे जुने जोड या चिखलाखालीच दडलेले असतात.

(दृश्य : सुटे केलेले भाग, प्रत्येकावर खडूने लिहिलेला क्रमांक.)

‘रिबिल्ट’ हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. बिघडलेला भाग बदलणे ही दुरुस्ती झाली. यंत्र सांगाड्यापर्यंत सुटे करून प्रत्येक भागाचे माप घेणे, मापात न बसणारा भाग बदलणे आणि जोडणीनंतर भार देऊन चाचणी घेणे, एवढे सगळे झाले तरच त्याला रिबिल्ट म्हणता येते. कॅटरपिलर कंपनीचा प्रमाणित रिबिल्टचा कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. त्यात ३५० हून अधिक तपासण्या होतात, सुमारे ७,००० लहानमोठे भाग बदलले जातात आणि यंत्राला नवा अनुक्रमांक मिळतो. दुसऱ्या टोकाला नवा रंग, नवी सीट आणि नवे स्टिकर लावून विकायला उभी केलेली यंत्रेही रिबिल्ट म्हणूनच खपतात. अशा यंत्राचा रंग पाहण्याआधी बकेटच्या पिना हाताने हलवून पाहाव्यात, हे इथला कोणताही फिटर सांगेल.

(दृश्य : कापून उघडलेला ऑइल फिल्टर, पांढऱ्या कापडावर पसरलेली त्याची घडी.)

फिल्टरच्या घडीवरून लोहचुंबक फिरवला की जे उचलले जाते ते लोखंड किंवा पोलाद, आणि तांबूस-पिवळे चमकत जे मागे राहते ते बहुधा बेअरिंगचे किंवा बुशचे, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीचे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की याहून बारीक माहिती हाती येते : सिलिकॉन वाढले असेल तर एअर फिल्टरमधून किंवा त्याच्या नळीतून धूळ आत गेली आहे, आणि सोडियम वाढले असेल तर कूलंट तेलात उतरत असण्याचा संशय घ्यावा लागतो. ज्या मालकाने दर सर्व्हिसिंगला असे अहवाल जपून ठेवले आहेत, त्याचे यंत्र न उघडताही अर्धेअधिक वाचता येते.

(दृश्य : क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. त्याच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, मायक्रोमीटर; तंत्रज्ञाचा हात जवळून.)

मायक्रोमीटर एकाच जर्नलवर दोन दिशांनी लावला जातो, कारण झीज सगळीकडून सारखी होत नाही; जर्नल झिजतो तो लंबगोल होत. माप मर्यादेबाहेर गेले असेल तर जर्नल ०.२५ मिलिमीटरने घासून पुन्हा गोल केला जातो आणि त्याला तेवढे जाड बेअरिंग बसवले जाते. पुढच्या खेपेला ०.५० चे. प्रत्येक ग्राइंडिंगनंतर पुढची संधी कमी होते, त्यामुळे हा क्रँक याआधी कितीदा घासला गेला आहे, हे नोंदवहीत असावे लागते.

(दृश्य : अंधारलेली खोली. अतिनील दिवा, बूमच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य हाताच्या, बुडाशी हिरवी रेष.)

बूमच्या बुडाजवळचे पोलाद चुंबकित करून त्यावर लोहकणांचा चमकणारा द्राव सोडला आहे. उघड्या उजेडात हा वेल्ड धडधाकट दिसत होता. इथे मात्र कण तड्याच्या कडेला जमून बोटभर लांबीची हिरवी रेष उमटली आहे. एवढा तडा खोदून काढून, पुन्हा वेल्ड भरून ती जागा वाचवता येते. पण मुख्य चौकटच पिळवटलेली असेल किंवा एकाच जागी पुन्हापुन्हा तडा जात असेल, तर रिबिल्टचा विचार इथेच थांबवावा, कारण इंजिन आणि पंप बदलता येतात, पण ज्यावर ते बसतात त्या चौकटीसाठीच हा सगळा खटाटोप असतो.

(दृश्य : हायड्रॉलिक पंप चाचणीच्या बाकावर, दाबमापकाचा थरथरणारा काटा.)

या वर्गातल्या यंत्रांत हायड्रॉलिक तेलाचा दाब ३५० बारच्या आसपास जातो. ऑपरेटरची नेहमीची तक्रार असते की यंत्र सकाळी चांगले चालते आणि गरम झाले की ढिले पडते. त्याचे कारण बहुधा इथे सापडते : तेल तापून पातळ झाले की झिजलेल्या पंपात ते आतल्या आत निसटू लागते. चाचणीत ही निसट लिटरमध्ये मोजली जाते आणि पंप ठेवायचा की बदलायचा, हे तो आकडा ठरवतो.

(दृश्य : पट्टा जमिनीवर उलगडलेला, कडेला तो फिरवणारी आणि पेलणारी चाके : रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट.)

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात देखभालीच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खालच्या या भागाचा असतो आणि काही कामांत तो निम्म्याच्या घरात जातो. पट्ट्याच्या साखळीतले बुश मुख्यतः एकाच बाजूने झिजतात, म्हणून डोझरच्या साखळीत ते वेळेवर १८० अंशांनी फिरवून न झिजलेली बाजू कामाला लावता येते. वेळ टळली की बुश चिरतो आणि मग फिरवण्यासारखे काही उरत नाही.

खर्चाचा हिशेब तासावर मांडावा. पूर्ण रिबिल्ट नव्याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहून थोडे वर बसते, मात्र नव्याबरोबर लांब हमी, कमी इंधन आणि सोपे कर्ज येते. वर्षभर दोन पाळ्यांत राबणाऱ्या यंत्रात इंधनाचा फरकच किमतीचा फरक गिळू शकतो. जुने इंजिन उत्सर्जनाच्या जुन्याच टप्प्यावर राहते आणि काही कामांवर त्याला प्रवेश मिळत नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

(दृश्य : जोडणी पूर्ण झालेले यंत्र. पहिली बकेट, मग केबिनचे दार.)

आठ तास भार देऊन चालवल्यावर तेल पुन्हा काढले गेले आणि फिल्टर पुन्हा कापला गेला. त्याच्या घडीवर या वेळी चुंबकाला जेमतेम चिमूटभर काळी पूड लागली, ती नव्या भागांच्या पहिल्या घासणीची. सगळ्या मापांचा तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑपरेटरच्या सीटमागे ठेवला आहे. जर्नलच्या रकान्यात ०.२५ लिहिले आहे आणि त्यापुढची जागा कोरी आहे.