कडी आतून, खुनी नाही

(वडोदऱ्यातल्या मराठी वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, इंग्रज लेखिका पी. डी. जेम्स यांचा पोलीस-तपासनीस ॲडम डॅलग्लिश ज्यांनी आवडीने वाचलाय, ते त्यांचीच 'द चिल्ड्रन ऑफ मेन' ही कादंबरी हातात घेतात आणि निम्म्यावर कुरकुरायला लागतात. प्रेत आहे, तपास कुठाय? १९६२पासून रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी १९९२ साली हे भविष्यातलं इंग्लंड रंगवलं. ग्रंथालयाच्या दशांश वर्गीकरणात रहस्यकथा आणि ही कादंबरी, दोन्ही ८२३.९१४ या एकाच क्रमांकाला बसतात. तेव्हा फळी बदलत नाही, वाचायची सवय बदलावी लागते.

सुरुवात पाहा. १ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर तीन मिनिटांनी, पृथ्वीवर जन्मलेला शेवटचा माणूस ब्युनॉस आयर्सच्या उपनगरात, दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीत मरतो. वय २५ वर्षं, २ महिने, १२ दिवस. पेन्सिल घेऊन वजाबाकी करा: जन्म २० ऑक्टोबर १९९५. वेळ, जागा, वय, कारण. हा सरळ पंचनामा आहे. फक्त मारेकऱ्याचं पुढे काय झालं, याच्याशी कादंबरीला देणंघेणं नाही.

त्याच्या जन्मानंतर माणसाला मूलच होत नाही. दोष पुरुषांच्या वीर्यात. मुरलेला वाचक लगेच म्हणणार, मग गोठवून ठेवलेलं वापरा की! बाईंनी ती फट आधीच बुजवलीय: साठवलेलं वीर्यही निकामी झालंय. बंद खोलीतला खूनच हा. खिडक्या लावलेल्या, कडी आतून. पण शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करणारं कुणी येत नाही. कारण कळतच नाही. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला इथे फसवल्यासारखं वाटतं. त्याला कार्यकारणभाव लागतो. माझ्या मते तो न देणं हीच या पुस्तकातली सगळ्यात धीट गोष्ट आहे. कारण दिलं असतं, तर आपण औषध शोधत बसलो असतो आणि माणसांकडे पाहिलं नसतं.

बाया बाबागाडीत बाहुल्या फिरवतात, मांजरीच्या पिल्लांचं बारसं करतात. आणि 'क्वायटस', म्हणजे चिरविश्रांती, हा सरकारी शब्द येतो. साउथवोल्डच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्यांना होड्यांत बसवून बुडवतात, आणि कागदोपत्री ते सारं स्वखुशीने. जेम्स यांनी इंग्लंडच्या गृहखात्यात नोकरी केली होती. क्रौर्याला फायलीत कसं सौम्य नाव मिळतं, हे त्यांना बाहेरून शिकावं लागलं नसणार. असा गुळगुळीत सरकारी शब्द दिसला की थांबा, त्याखाली काय पुरलंय ते पाहा. पुरावे इथे आहेत.

या कादंबरीवरचा चित्रपट आधी पाहिला असेल तर तो बाजूला ठेवा. तिथे साल २०२७ आहे आणि वांझपण बायकांकडे दिलंय.

पहिला भाग शक्यतो सलग वाचा. त्यात कादंबरीचा नायक थिओ फॅरन याची रोजनिशी आणि तृतीयपुरुषी निवेदन आळीपाळीने येतं. दोन बैठकांत चार दिवसांचं अंतर पडलं की कोण बोलतंय याचा गोंधळ होतो. थिओच्या हातून गाडी मागे घेताना स्वतःची छोटी मुलगी गेलेली असते. डॅलग्लिशच्या कथेत असली कबुली शेवटासाठी राखून ठेवली असती. इथे ती लवकरच हातात पडते. ते पान दोनदा वाचा. तो स्वतःविषयी काय सांगतो आणि बायकोविषयी काय, याचा हिशेब लावा. साक्षीदार म्हणून तो कितपत विश्वासाचा, ते तिथे उमगतं.