फलकावरचं साल बघून फसू नका: टेक्सासमधली आर्मस्ट्राँग काउंटी

नमस्कार मंडळी! डॅलसहून अमॅरिलोला जाणारे बरेच जण मला रस्त्याकडेच्या इतिहास-फलकांचे फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "म्हणजे ही काउंटी १८७६ साली वसली ना?" नाही हो, नाही वसली! आज हे निस्तरूनच टाकू.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. टेक्सासमध्ये अशा २५४. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झालं त्याच्या शताब्दीला, १९३६ साली, इतिहास सांगणारे ग्रॅनाइटचे दगड बसवले, पुढे ॲल्युमिनियमचे फलक आले. झालं.

आता मुद्दा. २१ ऑगस्ट १८७६ ला विधिमंडळानं एका दिवसात नकाशावर ५४ काउंट्या आखल्या. आर्मस्ट्राँग त्यातलीच. फक्त रेघा! शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) नाही, कोर्ट नाही. स्वतःचा कारभार सुरू झाला १८९० साली.

"मग मधली १४ वर्षं काय चाललं होतं?" असं एका दादांनी विचारलंय. अहो, १८८० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत माणसं ३१! निवडणूक घेणार कोणाची? चार्ल्स गुडनाइट हा पशुपालक १८७६ मध्ये इथल्या पालो ड्युरो दरीत सुमारे १६०० गुरं घेऊन उतरला, पुढच्या वर्षी जॉन अडेअर या भागीदाराच्या पैशावर जेए रँच हे गुरांचं मोठं कुरण उभं राहिलं. गुरं हजारोंनी, माणसं मोजकी. १८८७ ला रेल्वे आली, क्लॉड गाव उभं राहिलं, आणि १८९० मध्ये वस्ती ९४४ झाली. वस्ती रेल्वेनं आणली, विधिमंडळानं नव्हे.

आणि १८७६ च्या आधी तिथे कोणीच नव्हतं, असं कमेंटमध्ये वाचलं की मला खरंच राग येतो. कोमांची, कायोवा, शायेन या मूळनिवासी जमाती तिथे राहत होत्या. २८ सप्टेंबर १८७४ ला अमेरिकन सैन्यातल्या कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळानं त्याच दरीतल्या त्यांच्या छावण्यांवर हल्ला केला. माणसं फार मेली नाहीत. पण तंबू आणि हिवाळ्याची बेगमी जाळली, पकडलेले हजाराहून जास्त घोडे गोळ्या घालून मारले. घोडा नाही, अन्न नाही, समोर थंडी. शरण जाण्यावाचून काय उरलं? गुडनाइटला दोन वर्षांनी मोकळं कुरण मिळालं ते असं. "पहिला वसाहतकार" हे शब्द दिसले की आधी १८७४ आठवा.

एका ताईंनी बायसनबद्दल, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या जनावराबद्दल, विचारलंय. शिकारीत अनाथ झालेली वासरं वाचवायचा आग्रह चार्ल्सची बायको मेरी ॲन गुडनाइटचा, १८७८ चा. त्या वासरांचा वंश आज टेक्सासमधल्याच कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात मोकळा फिरतोय. जाल तेव्हा लांबूनच बघा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.