पदवीनंतरची पहिली दोन वर्षे

(बडोद्यात यंदाचे पदवीधर आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, पालकहो आणि यंदा पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०२२ सालचे दोन आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांमध्ये ते २९.१ टक्के होते. हे वाचून शिक्षण फुकट गेले असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो मान्य नाही. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम तो धरतो आणि गणनेत रोजगारी ठरतो. पदवीधराच्या मागे बहुधा वडिलांचा पगार किंवा आजोबांचे निवृत्तिवेतन असते, म्हणून तो थांबू शकतो. पदवीधरांच्या बेकारीचा बराचसा भाग हा असा थांबण्याचा आहे. तेव्हा नोकऱ्या आहेत की नाहीत यापेक्षा आपण कशासाठी थांबलो आहोत आणि त्या काळात हाताला काय शिकायला मिळते आहे, हे मी आज विचारणार आहे.

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग या भागांतल्या मराठी घरांमध्ये मुले प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी थांबतात, पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी किंवा सरकारी नोकरी.

सॉफ्टवेअरचा रस्ता आपल्याकडे इतका मळलेला होता की शाखा कोणतीही असो, शेवटी हिंजवडीच, असे घरोघरी गृहीत धरले जाई. मोठी कंपनी कॅम्पसवर येई, गणित आणि इंग्रजीची चाचणी घेई, शेकड्यांनी मुले उचली आणि नंतर काही महिने शिकवून कामाला लावी. या घाऊक भरतीला कारण होते. तयार प्रणालीची तपासणी, किरकोळ दुरुस्त्या, ग्राहकांच्या तक्रारींची नोंद, एका साच्यातला कोड पुन्हा पुन्हा लिहिणे अशा कामांना खूप माणसे लागत. आज त्यातले बरेच काम एखादा अनुभवी माणूस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांच्या मदतीने थोड्या वेळात उरकतो. या क्षेत्रातली देशातली सर्वांत मोठी कंपनी असलेल्या टीसीएसची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात १३,२४९ ने घटली, आणि जुलै २०२५ मध्ये तिने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ही दुसरी कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होती, हे पालकांनी लक्षात घ्यावे. एकदा आत शिरलो की निवृत्तीपर्यंत बघायला नको, हा हिशेबही त्यामुळे उरलेला नाही. दुसऱ्या बाजूला, परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःची जी केंद्रे थाटली आहेत त्यांची संख्या नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार १,७०० च्या वर आहे आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. म्हणजे मागणी आटलेली नाही, पण आता मागणी आहे ती नेमके काही येणाऱ्या माणसाला, आणि ते येते हे त्याला दाखवता आले पाहिजे.

सरकारी परीक्षेबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण इथे गणितच पुरेसे बोलके आहे. गुजरातेत ७ मे २०२३ रोजी तलाठी भरतीची परीक्षा झाली. साडेतीन हजारांच्या आत जागा आणि अर्ज १७ लाखांच्या वर. त्याच वर्षी २९ जानेवारीला होणारी कनिष्ठ लिपिकांची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे त्या दिवशी सकाळी रद्द करावी लागली. अभ्यास करू नका असे मी म्हणत नाही. किती प्रयत्न करणार आणि कोणत्या वर्षी थांबणार, हे पहिला अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून ठरवा आणि लिहून ठेवा, एवढेच माझे सांगणे आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर हा निर्णय घेणे फार अवघड जाते, कारण तोवर गेलेली वर्षे वसूल करण्याची ओढ लागलेली असते.

आता आपल्या गावाकडे वळू. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन सुरू केले, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिले, आणि पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, छायाचित्रण असे हाताचे शिक्षण ठेवले. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते याच कलाभवनात. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या खटपटीतून अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि तिच्या आसपास खते व रसायनांचे कारखाने आले. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर बनवणारे लहानमोठे कारखाने या जिल्ह्यात जितके दाटीने आहेत तितके देशात फार थोड्या ठिकाणी असतील. सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात, हालोलला मोटारगाड्या आणि विजेच्या तारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन इथे झाले; हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी ४० या कारखान्यात तयार व्हायची आहेत.

विमानाचे नाव निघाले की सभागृहात चैतन्य येते, ते आत्ताही आले. पण विमानाच्या कारखान्यात थेट लागणारी मुले मोजकी असतील. खरी भरती होते ती त्याला, रेल्वेला आणि वीज मंडळांना सुटे भाग पुरवणाऱ्या मध्यम कारखान्यांत, म्हणजे मकरपुरा, वाघोडिया, पोर, सावली इथल्या शंभर-दोनशे माणसांच्या जागांमध्ये. त्यांची नावे लग्नाच्या बायोडेटात शोभत नाहीत, ही त्यांची मोठी अडचण आहे! कॅम्पसवर ते येत नाहीत. त्यांच्याकडच्या जागा ओळखीने, जुन्या कर्मचाऱ्याच्या शब्दाने किंवा सरळ फाटकावर जाऊन चौकशी केल्याने कळतात. मराठी, गुजराती, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येणारा मुलगा किंवा मुलगी त्यांना खरेदी, पुरवठादारांशी व्यवहार आणि विक्रीनंतरची सेवा या विभागांत हवीच असते, कारण त्यांचे बरेच व्यवहार महाराष्ट्राशी असतात.

या कारखान्यांसाठी माणसे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे केले, त्यातले एक निरीक्षण सांगतो. विद्युत शाखेच्या मुलाला ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांचे सूत्र विचारले की तो ते धडाधड म्हणतो. मग मी विचारतो, ट्रान्सफॉर्मरमधले तेल किती विद्युतदाब सोसते हे कसे पाहतात? दोन इलेक्ट्रोडांमध्ये २.५ मिलीमीटर अंतर ठेवून, ठिणगी पडेपर्यंत दाब चढवत नेतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो उत्तर देताना हात हलवून दाखवतो. ज्याने फक्त वाचले आहे तो छताकडे पाहतो. वाणिज्य शाखेतही तेच आहे. जमाखर्चाची तत्त्वे सर्वांनाच पाठ असतात, पण खरेदीची नोंदवही आणि जीएसटीचे २-बी विवरण, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, यांचा मेळ घालून कोणत्या पुरवठादाराने बिल दाखवलेले नाही आणि त्यामुळे कोणते क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, अडकले, हे काढून देणारी मुलगी मालकाला पहिल्या महिन्यापासून हवीशी वाटते. रसायनशास्त्राच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे की औषधांच्या प्रयोगशाळेत यंत्र चालवता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच केलेल्या चाचणीची नोंद त्याच वेळी, खाडाखोड न करता लिहिण्याची सवय महत्त्वाची असते.

हे कॉलेजात शिकवले जात नसेल तर कुठे शिकायचे? त्यासाठी एक जुना आणि दुर्लक्षित रस्ता आहे, ॲप्रेंटिसशिपचा, म्हणजे विद्यावेतनावर काम करत शिकण्याचा. १९६१ चा कायदा सुरुवातीला कारागिरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियंते त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही दार उघडले. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके ॲप्रेंटिस घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले आणि त्या किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलते. रक्कम तुटपुंजी आहे, नोकरीची हमी नाही, आणि काही ठिकाणी ॲप्रेंटिसला वर्षभर झेरॉक्स काढायला लावतात, हेही खरे. म्हणून करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला आहे का आणि कोणत्या विभागात किती महिने बसवणार, हे आधी विचारून घ्यावे. चाचणी विभाग, उत्पादन नियोजन आणि खरेदी हे तिन्ही विभाग एका वर्षात पाहायला मिळत असतील, तर माझ्या मते तो सौदा बिनकामाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापेक्षा चांगला आहे.

पगाराच्या आकड्याविषयी बोललेच पाहिजे, कारण पहिले भांडण तिथेच होते. वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हटले की घरी महिन्याचे ३० हजार गृहीत धरले जातात. मूळ वेतन निम्मे, म्हणजे १५,००० धरा. त्यावर मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये या ३० हजारांतच मोजलेले असतात; तुमच्या वाट्याचे १,८०० आणि २०० रुपये व्यवसायकर पगारातून कापले जातात. हाती उरतात सुमारे साडेपंचवीस हजार. पॅकेजचा दहावा हिस्सा कामगिरीवर अवलंबून ठेवला असेल तर दरमहा आणखी तीन हजार कमी होतात. हीच रक्कम पुण्यात खोलीभाडे, खानावळ आणि दर महिन्याचा प्रवास काढून मोजा, आणि बडोद्यात घरी राहून मिळणाऱ्या २० हजारांशी ताडून पाहा. पुण्याला जाऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिथे शिकायला अधिक मिळणार असेल तर जरूर जावे, पण केवळ पॅकेजच्या आकड्यासाठी जाऊ नये.

मुलींच्या पालकांना एक विनंती आहे. सावली-हालोलच्या कारखान्यांबद्दल नकार देण्यापूर्वी कंपनीची बस कुठून निघते, कामाची पाळी किती वाजता सुटते आणि त्या विभागात आधीपासून किती स्त्रिया आहेत, हे प्रत्यक्ष विचारून या. उत्तर ऐकून मग जो निर्णय घ्यायचा तो घ्या.

शेवटी कागदपत्रांविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तेव्हा तोंडी आश्वासनावर रुजू होऊ नका. पत्रात पद, कामाचे ठिकाण, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ आणि नोकरी सोडताना द्यायच्या नोटिशीची मुदत या चार गोष्टी आहेत का, हे पाहा. बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, असेल तर रक्कम किती, ती कोणत्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी आहे आणि वर्ष सरेल तशी कमी होते का, हे लेखी मागा. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवून घेण्याची प्रथा अजून काही ठिकाणी आहे. ही कागदपत्रे फक्त पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रत द्यावी आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी परत आणावी.